आच्छादन आणि अरण्य : वनस्थिती-अहवालाचे एक परीक्षण

आपल्या देशातील वनांची मोजदाद पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकास देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेचा वनस्थिती-अहवाल टाळून पुढे जाता येत नाही. त्याची पहिली आवृत्ती १९८७ साली निघाली. २०२३ चा, म्हणजे अठरावा, अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या दीर्घ उद्योगाचे ऋण मान्य करूनच पुढील चिकित्सा केली आहे. अहवालातील मोजणी खरी की खोटी, हा प्रस्तुत प्रश्न नाही. जे मोजले गेले त्याला आपण कोणते नाव देतो, हा प्रश्न आहे.

अहवालाच्या परिभाषेनुसार, एक हेक्टरहून मोठ्या ज्या भूमीवर वृक्षांचे वितान दहा टक्क्यांहून अधिक असते, ती सारी 'वनाच्छादन' या सदरात जाते. भूमीची मालकी कोणाची, वृक्षांची जात कोणती, ते आपोआप उगवले की लावले, हे पाहिले जात नाही. त्यामुळे कोकणातील आंब्याची बाग आणि सह्याद्रीतील सदाहरित रान एकाच बेरजेत येतात. अहवाल ही व्याख्या लपवीत नाही. परंतु वाचक 'आच्छादन' हा शब्द वाचतो आणि मनातल्या मनात त्याचे 'अरण्य' करून घेतो.

कांदळवनांचे आकडे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. महाराष्ट्रातील कांदळवनांचे क्षेत्र २०१७, २०१९ आणि २०२१ च्या अहवालांत अनुक्रमे ३०४, ३२० व ३२४ चौरस किलोमीटर दिले आहे. सबंध देशाचे क्षेत्र २०२१ च्या अहवालात ४,९९२ होते, २०२३ च्या अहवालात ते ४,९९१.६८ आहे. दोन्ही ग्रंथ समोर ठेवून वजाबाकी करणाऱ्यास अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही कमी घट दिसेल. नवा अहवाल मात्र ती ७.४३ सांगतो. यात लबाडी नाही, कारण तुलनेपूर्वी मागील आकडा सुधारून घेतलेला असतो. पण जुना अहवाल ग्रंथालयात जसाच्या तसा उभा असतो, आणि निरनिराळ्या वर्षांचे आकडे एका रांगेत मांडून प्रबंध रचणारा विद्यार्थी फसतो. पहिल्या अहवालाची चित्रे ८० मीटरच्या चौकटीची होती, आजची २३.५ मीटरची आहेत. पाहणारा डोळाच पालटला असता दृश्यातील पालट सावधपणेच वाचला पाहिजे.

नवी मुंबईच्या वाचकास याची प्रचीती खाडीकाठी येईल. ठाणे खाडीत गाळ साचत गेला आणि त्या गाळावर तिवराने मुळे रोवली. उपग्रहाच्या लेखी ही निखळ वाढ होय. तथापि ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे हे रोहित पक्ष्यांचे अन्नक्षेत्र आहे. तिवर पुढे सरकले की ते आकसते. ज्या पक्ष्यांसाठी २०१५ साली येथे अभयारण्य झाले, त्यांची हानी अशा रीतीने 'वाढ' या स्तंभात जमा होते. उलट, भरावामुळे भरतीचे पाणी अडले तरी झाडे काही काळ हिरवीच दिसतात. ती वाळून वितान विरळ होईपर्यंत आकाशातील डोळ्यास काही कळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनांचा नाश हा मूलभूत हक्कांचा भंग ठरविला. तो नाश वेळीच सिद्ध करणारा पुरावा मात्र चिखलात उभे राहूनच गोळा करावा लागतो.

खाडी सोडून देशावर गेले तरी हाच दोष आढळतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तेथील गवताळ माळ वृक्षांवाचूनच निरोगी असतो. दहा टक्क्यांच्या कसोटीवर तो वनाच्छादनाबाहेर पडतो, आणि त्यावर दाट झाडी लावून तो बिघडविला तर वनाच्छादन वाढल्याची नोंद होते.

कोरडवाहू पिकांच्या बाबतीत 'हिरवेपणा' हा शब्द असाच फसवा ठरतो. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ-संहितेने पावसाबरोबर उपग्रहाने टिपलेला हिरवेपणा व जमिनीतील ओल या कसोट्या आणल्या. त्यानंतर ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. ज्वारीचे ताट हिरवे असूनही कणसात दाणा भरत नाही, हे शेतकरी जाणतो. हिरवेपणाचा आकडा ते जाणत नाही. बांधावरची वेडी बाभूळ तर अवर्षणातही हिरवी असते. संहितेने गावांच्या प्रत्यक्ष पाहणीची अट ठेवली आहे, ती यामुळेच मोलाची आहे. ती कागदोपत्री उरकली गेली, तर त्याची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागते.

पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-कापणी प्रयोगांविषयी हाच इशारा दिला होता. पाहणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यावरून महालनोबिस यांच्याशी त्यांचा वाद झाला. मापनाची रीत मापलेल्या वस्तूत मिसळते, हा त्या वादाचा बोध आजही जुना झालेला नाही.

यास्तव उपग्रहाचा त्याग करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. खाडीकाठी कायमच्या खुणा केलेले थोडे तुकडे निवडावेत. तेथील खोडांचे घेर, नवी रोपे, पाण्याचा खारटपणा आणि भरतीच्या वाटा दर वर्षी त्याच महिन्यात नोंदवाव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले हे काम आहे. दहा वर्षांनी ती वही अहवालाशेजारी ठेवता आली, तर आच्छादन कोठे वाढले आणि अरण्य कोठे टिकले, हे दोन प्रश्न आपणांस वेगवेगळे विचारता येतील.