विमानप्रवासाचे अंकगणित

‘दोन विमानतळांमधील अंतर १३,५०० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर असल्यास प्रवासाला किती वेळ लागेल?’ अशी उदाहरणे आपण वर्गात वर्षानुवर्षे सोडवून घेतो. भागाकार केला की उत्तर येते १५ तास. भागाकार बरोबरच आहे. आमचा आक्षेप उदाहरणावर आहे, कारण विचार करण्याजोगे सारे त्यातून आधीच वगळलेले असते.

पहिला प्रश्न अंतराचा. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर आहे. समजा, वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथील एखाद्या विद्यार्थ्याने भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवली. रेषा अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक ओलांडून जाईल. त्या रेषेवरून खरोखर उडाल्यास सुमारे १९,००० किलोमीटर पडतील! आता पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तो मुंबईहून जवळजवळ उत्तरेला निघतो आणि सायबेरियापलीकडच्या आर्क्टिक महासागरावरून अमेरिकेत उतरतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा दोरा सुमारे ३२ सेंटिमीटर भरतो.

दुसरा प्रश्न वेगाचा. ताशी ९०० किलोमीटर हा वेग हवेच्या संदर्भात असतो, आणि हवा स्वतःच वाहत असते. पवनारला धाम नदीत प्रवाहाबरोबर पोहणे आणि प्रवाहाविरुद्ध पोहणे यांत जो फरक, तोच येथेही. समजा, वारा वाटेवर सर्वत्र ताशी १०० किलोमीटरने पाठीमागून वाहतो आहे. मग जाताना १३ तास ३० मिनिटे लागतील. तोच वारा परतताना समोरून आला, तर जवळजवळ १६ तास ५२ मिनिटे. दोन्ही मिळून ३० तासांहून २२ मिनिटे जास्त! म्हणजे जाता-येताना वाऱ्याचा हिशेब फिटत नाही.

हे केवळ कागदी गणित नव्हे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेण्यास सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाले, पण वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे आता पाठीशी होते.

‘सर, माझ्या मामाला जाताना आणि येताना वेगवेगळा वेळ लागला,’ असे एखादी मुलगी म्हणाली, तर आपले उदाहरण तिला चूक ठरवते. खरे तर निरीक्षण तिचेच बरोबर असते. म्हणून उत्तर मागण्याआधी मुलांना दोन प्रश्न विचारू द्यावेत : हे अंतर कोणत्या वाटेने मोजले? आणि वारा कोणत्या दिशेचा? भागाकार त्यानंतर करता येईल.