लाकूडकामातील गतिनियंत्रण : एका गृहीतकाची चिकित्सा

स्वयंचलित लाकूडयंत्रांच्या चर्चेत स्टेपर मोटर श्रेष्ठ की सर्व्हो मोटर, हाच प्रश्न अग्रस्थानी असतो. हा प्रश्न अप्रस्तुत नाही. अपुरा मात्र आहे.

सर्वसाधारण स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. एका फेऱ्यास ५ मि.मी. सरकविणाऱ्या स्क्रूवर एक पाऊल ०.०२५ मि.मी. भरते. या आकड्यास यंत्राची अचूकता मानणे चुकीचे होय. ती केवळ आज्ञेची सूक्ष्मता आहे. आज्ञा पाळली गेली की नाही, याची वार्ता साध्या स्टेपरकडून परत येत नाही. गाठीशी अडखळून काही पावले चुकली, तर पुढील सारी नक्षी तेवढीच सरकते आणि यंत्र चालूच राहते. सर्व्होत एन्कोडर ही वार्ता आणतो, म्हणून त्याचे श्रेष्ठत्व मान्य करावयास हवे. परंतु एन्कोडरला कळते ती मोटरच्या दांड्याची स्थिती. पात्याच्या टोकाची नव्हे, लाकडाची तर नव्हेच.

ही उणीव पद्धतीच्या उगमातच आहे. १९५२ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत दाखविलेले संख्यानियंत्रित यंत्र धातू कापण्यासाठी होते. धातूचा एकजिनसीपणा गृहीत धरता येतो. लाकडाचा येत नाही. बाभळीचे लाकूड तासताना बीडकडील सुतार रेषेचा कल पाहून हात फिरवितो. त्याचे नियंत्रण पदार्थापासून सुरू होते, यंत्राचे आराखड्यापासून.

कोपऱ्यावर हा भेद उघड होतो. मिनिटास १८,००० फेरे घेणारे दुधारी पाते ७.२ मीटर वेगाने सरकले, तर प्रत्येक धार ०.२ मि.मी. छिलका काढते. वळणावर वेग दशांशावर आला की धार कापण्याऐवजी घासू लागते व लाकूड करपते. येथे स्थिती बिनचूक असूनही काम बिघडते. म्हणून वेग व त्वरण यांची आखणी ही मोटरच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते.

हवामानाचा प्रश्न याहून बिकट आहे. सागाची ३०० मि.मी. रुंद फळी, वलयांच्या स्पर्शदिशेने, आर्द्रतेच्या दर टक्क्यास सुमारे ०.६ मि.मी. फुगते वा आकसते. बीडसारख्या जिल्ह्यात कोरडा उन्हाळा व पावसाळा यांच्या दरम्यान चार टक्क्यांचा फरक धरला, तरी तो २.४ मि.मी. होतो. त्यापुढे शतांश मिलिमीटरची ग्वाही निरर्थक ठरते, आणि त्या ग्वाहीसाठी कर्ज काढणाऱ्या कारागिराची फसगत होते.

तेव्हा या विषयावरील प्रबंधांनी केवळ रिकाम्या चालीतील स्थितिदोष नोंदवून थांबू नये. लाकडाची जात, आर्द्रता, रेषेची दिशा व छिलक्याची जाडी यांसह मोजमाप द्यावे. त्यावाचून झालेले संशोधन मोटरचे असेल; लाकूडकामाचे म्हणता येणार नाही.