पिंप व्हिस्कीचं, चव कोणाची?

मंडळी, वाइनचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘चांगली कोणती?’ आज हा प्रश्न एकाच बाटलीला विचारू. ऑस्ट्रेलियाची जेकब्स क्रीक डबल बॅरल शिराझ. ही लाल वाइन शेवटच्या टप्प्यात स्कॉच व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत मुरवतात.

ही पिंपं येतात कुठून, ते बघा. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. अशी बरीच पिंपं स्कॉटलंडला जातात, तिथं स्कॉच किमान ३ वर्षं लाकडात राहते. वाइनची पाळी त्यानंतरची. तोवर लाकडाचा कडकपणा उतरलेला असतो. उरतो तो व्हॅनिलाचा गोडसर वास, थोडा मसाला आणि लाकडात जिरलेली व्हिस्की.

आता चवीकडे येऊ. रंग गडद. पहिला वास पिकल्या जांभळाचा, आणि मागून खवा आटताना सुटतो तसा खरपूस गोडवा. कुंथलगिरी-भूमकडच्या श्रोत्यांना हा वास वेगळा सांगायला नको. घोट मऊ आहे, तुरटपणा टोचत नाही. उस्मानाबादी शेळीच्या मटणाचा झणझणीत रस्सा समोर असला तरी ही वाइन दबत नाही. हा तिचा मोठा गुण.

पण दुसऱ्या ग्लासाला काय होतं? खवा राहतो, जांभूळ जातं. शिराझची ओळख म्हणजे काळी मिरी. सुलाच्या दिंडोरी रिझर्व्ह शिराझमध्ये ओक असूनही ती मला सापडते, इथं मात्र शोधावी लागते. पिंप म्हणजे फोडणी. फोडणीनं भाजी खुलावी. भाजी कोणती तेच कळेनासं झालं, तर फोडणी चुकली.

यात आपला काय संबंध? धाराशिव जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत, बहुतेक खाण्याच्या द्राक्षांच्या. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग गारपिटीची धास्ती. उद्या इथला कुणी वाइनच्या द्राक्षांकडे वळला, तर त्याच्या हातात एकच जोर असेल, त्याच्या रानाची चव. चव पिंपानंच द्यायची ठरली, तर द्राक्ष कुठलंही चालेल. आणि ‘कुठलंही चालेल’ अशा मालाला भाव काय मिळतो, ते बाजारात माल नेणाऱ्याला विचारा.

म्हणून माझे गुण १० पैकी साडेसहा. मऊपणाचे आणि जेवणाशी जमवून घेण्याचे गुण मी हात न आखडता दिलेत. कापले ते द्राक्ष झाकल्याबद्दल. तुम्ही चाखलीत, तर पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. ग्लास अर्धा तास ठेवा आणि पुन्हा वास घ्या. जांभूळ तेव्हाही सापडलं, तर खुशाल माझ्यापेक्षा जास्त गुण द्या.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.