श्रीगोविंदप्रभुचरित्र : प्रामाण्याचा विचार

ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचें, म्हणजे गुंडम राउळांचें, म्हाइंभटांनीं संकलित केलेलें चरित्र कै. वि. भि. कोलते यांनीं 1944 सालीं संपादून प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून तेराव्या शतकांतील वऱ्हाडाविषयीं लिहिणारास हा ग्रंथ टाळतां येत नाहीं. तथापि त्याचा उपयोग बहुधा दोन रीतींनीं होत आला आहे. चमत्कार गाळून जें उरेल तोच इतिहास, असें एक पक्ष मानतो. दुसरा गोविंदप्रभूंस आधुनिक अर्थानें समाजसुधारक ठरवितो. आमच्या मतें दोन्ही रीति सदोष आहेत.

प्रथम साक्षीचा विचार करूं. इ. स. 1274 च्या सुमारास चक्रधरस्वामी उत्तरापंथास गेले, असें संप्रदाय मानतो. त्यानंतर नागदेवाचार्यादि शिष्य ऋद्धिपुरास येऊन गोविंदप्रभूंच्या सेवेंत राहिले. प्रभूंचें निर्याण शके 1209 च्या सुमाराचें, आणि चरित्र त्यानंतर लौकरच सिद्ध झालें. आयर्लंडांतील संत कोलंबा इ. स. 597 मध्यें वारला; त्याचें चरित्र आयोना मठाचा अधिपति अ‍ॅडोम्नान यानें सुमारें शंभर वर्षांनीं लिहिलें, व तें भविष्यकथनें, चमत्कार आणि दिव्यदर्शनें अशा तीन भागांत बसविलें. म्हाइंभटांस असा सांचा लागला नाहीं. त्यांनीं सुट्या लीळा वेंचल्या, आणि त्यांतील पुष्कळ पाहणारे तेव्हां हयात होते.

परंतु येथेंच सावध असावें. शिष्यांचा सहवास अवघ्या तेरा-चौदा वर्षांचा, आणि तोहि प्रभूंच्या उतारवयांतला. काटसुऱ्याचा जन्म, पोरकेपण, ऋद्धिपुरांतील बाळपण हा भाग त्यांनीं पाहिलेला नव्हे, ऐकलेला होय. दोन्ही भागांस एकच वजन देणें न्याय्य नाहीं.

आतां चमत्कारांविषयीं. मातंगांच्या पाण्याची अडचण जाणून प्रभूंनीं विहिरीची जागा दाखविली, अशी लीळा आहे. पाणी लागलें यांतील अलौकिक अंश कोणी मानो वा न मानो. मातंगांस पाण्याची ददात होती, ही गोष्ट कथाकारानें मुद्दाम सिद्ध करण्यासाठीं सांगितलेली नाहीं. ती सहज येते, म्हणूनच विश्वसनीय. अडलेल्या बाळंतिणीनें राउळांचा धांवा करावा, राउळांनीं कोणाच्याहि घरांत शिरून खावें, देवळांतील मूर्तींशीं खेळावें, या प्रसंगांतूनहि गांवचें घर, अन्न, भीति व भक्ति दिसतात. चमत्कार छाटणारा हें सर्व त्याबरोबर छाटतो.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अधिक मोहक आहे. प्रभु मातंगांच्या घरीं जात व तेथून ब्राह्मणांच्या घरीं येत, हें खरें. पण ग्रंथांतील गांवकरी हें कसें पचवितात? राउळ वेडे आहेत, आणि राउळ ईश्वरहि आहेत, असें म्हणून. विटाळाचा नियम तेथें मोडलेला नाहीं. एका पुरुषापुरता तो लागू नाहीं, एवढेंच. वेडाची ही सवलत शिष्यास नव्हती, शेजाऱ्यास नव्हती. सुधारकाचें नांव दिल्यानें प्रभूंचा गौरव वाढत नाहीं. उलट ऋद्धिपूरच्या समाजानें आपले निर्बंध न सोडतां हा पुरुष कसा सांभाळला, हा खरा ऐतिहासिक प्रश्न मात्र झांकला जातो.

पंचकृष्णांत गणलेल्या पुरुषाच्या चरित्राची अशी चिकित्सा केल्यास श्रद्धेस धक्का लागेल, ही भीति अनाठायीं आहे. ज्या म्हाइंभटांनीं माणसें गांठून, विचारून लीळा मिळविल्या, त्यांचीच ही रीत होय. 2024 पासून ऋद्धिपुरीं मराठी भाषा विद्यापीठ आहे. पाहिलेल्या व ऐकलेल्या लीळा वेगळ्या करून पाठभेदांसह त्यांची प्रतवारी लावण्याचें काम तेथें व्हावें, यापरतें उचित स्थळ दुसरें नाहीं.

अकोला