व्यक्ती, वस्तू आणि चौकट : व्यक्तिछायाचित्रातील रचनेच्या सवयींविषयी

व्यक्तिछायाचित्रण म्हणजे चेहऱ्याचे छायाचित्रण, हा समज छायाचित्रणाच्या अध्यापनात आणि व्यवसायात सारखाच रुजलेला आहे. चेहऱ्याने चौकटीचा बराचसा भाग व्यापावा, डोळे वरच्या तृतीयांश रेषेच्या आसपास यावेत, पार्श्वभूमी पुसट असावी, हे संकेत नवशिक्याच्या हाती प्रथम येतात. ते निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु त्यांची सवय जडली की समोरची व्यक्ती कोण आहे, हा प्रश्न विचारण्यापूर्वीच चौकट ठरून जाते. ही सवय कशी मोडता येते, हे पाहण्यासाठी १९४६ या एकाच वर्षातील दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

पहिले अर्नोल्ड न्यूमन यांनी टिपलेले संगीतकार इगोर स्ट्राव्हिन्स्की यांचे. त्यात पियानोचे उघडे काळे झाकण जवळजवळ सारी चौकट व्यापते आणि संगीतकार डाव्या खालच्या कोपऱ्यात, हाताला डोके टेकवून बसलेले दिसतात. त्या झाकणाचा आकार पाश्चात्त्य स्वरलिपीतील कोमल स्वराच्या चिन्हाची आठवण करून देतो. या रचनेतील कमालीची काटकसर केवळ कॅमेऱ्यामागे सिद्ध झालेली नाही. मूळ निगेटिव्हमध्ये भोवतालचा आणखी बराच भाग आहे. न्यूमन यांनी तो निर्दयपणे छाटला. म्हणजे रचनेचा निर्णायक क्षण बटण दाबल्यानंतर, मुद्रिताकडे पाहताना आला. ‘चौकट कॅमेऱ्यातच पूर्ण झाली पाहिजे’ हा आग्रह आपल्याकडे काही शिक्षक अजूनही शुचितेच्या भावनेने धरतात. त्यांनी हे उदाहरण जरूर विचारात घ्यावे. ज्या ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी हे चित्र काढले गेले, त्याने ते नाकारले, हीदेखील सवयीच्या बळाचीच साक्ष म्हणावी लागेल.

दुसरे छायाचित्र पुण्यातील आहे. महात्मा गांधींचा तेथे मुक्काम असताना ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी ते घेतले. छायाचित्र घेण्यापूर्वी त्यांना चरखा चालवायला शिकावे लागले, आणि फ्लॅशचे मोजके तीनच दिवे वापरण्याची मुभा मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, तिसरा साधला. या हकिकतीकडे बहुधा गमतीचा किस्सा म्हणून पाहिले जाते, परंतु रचनेच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. चरखा पुढे, मोठा आणि काळसर. गांधीजी त्याच्या मागे, खिडकीच्या उजेडात बसलेले. चित्रात गांधीजी सूत कातत नाहीत, ते वाचत आहेत. स्मरणात मात्र हे चित्र ‘सूत कातणारे गांधीजी’ म्हणूनच राहते. समोरच्या वस्तूने इतकी जागा घेतली की तिने प्रत्यक्ष कृतीचीही जागा घेतली. येथे बर्क-व्हाइट यांचे सामर्थ्य आणि त्यांच्या रचनेतील धोका, दोन्ही एकाच ठिकाणी आढळतात. न्यूमन यांच्या चित्रात झाकण कितीही मोठे असले तरी कोपऱ्यातील चेहरा त्याला तोलून धरतो, कारण ती नजर थेट आपल्याकडे वळलेली आहे. पुण्याच्या चित्रात नजर खाली आहे, व्यक्ती स्वतःत मग्न आहे आणि प्रतीक पाहणाऱ्याच्या अधिक जवळ आहे. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर हे चित्र श्रद्धांजली म्हणून छापले गेले, तेव्हा प्रतीकाचेच पारडे जड झाले, हे स्वाभाविकच होते.

वस्तू पुढे आणण्याची ही रीत स्वभावतः आदराची असते, असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. न्यूमन यांनीच १९६३ मध्ये एसेन येथे जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप यांचे छायाचित्र घेतले. नाझी काळात सक्तीचे श्रम करवून घेतल्याबद्दल क्रुप यांना १९४८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे शिक्षा झाली होती आणि १९५१ मध्ये त्यांची सुटकाही झाली होती. न्यूमन स्वतः ज्यू होते. त्यांनी क्रुप यांना कारखान्याच्या पार्श्वभूमीवर बसवले, दोन्ही बाजूंनी प्रकाश टाकला आणि पुढे झुकायला सांगितले. हनुवटीखाली गुंफलेले हात, डोळ्यांभोवती साचलेला अंधार, मागे कारखान्याची दूरवर जाणारी रांग. पद्धत तीच, व्यक्तीला तिच्या कार्यस्थळाशी जोडण्याची. परंतु हेतू अभियोगाचा. काही समीक्षकांना हे चित्र अन्यायाचे वाटते, कारण अशा प्रकाशात कोणाचाही चेहरा खलनायकाचा दिसेल. हा आक्षेप प्रकाशापुरता मान्य करावा लागतो. कारखान्याच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण तो न्यूमन यांनी उभारलेला देखावा नव्हता. आरोपात त्याचाच उल्लेख होता.