कबुलीजबाबावर उभं राहिलेलं पुस्तक

पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरनं मागच्या महिन्यात विचारलं, "ताई, लिटरेचर रिव्ह्यूमध्ये नुसता सारांश नको, टीका पाहिजे म्हणतात. पण पुस्तक छापून आलेलं, लेखक मोठा, मी कोण चूक काढणारी?" तिला आमच्या प्राणिशास्त्रातला पेपर दिला असता तर ती अजूनच घाबरली असती. म्हणून मुद्दाम लांबचं पुस्तक दिलं: जॉन क्रॅकॉअर यांचं 'अंडर द बॅनर ऑफ हेवन'. २००३ मध्ये आलं, प्रचंड खपलं, २०२२ मध्ये त्यावर मालिकाही झाली. एव्हरेस्टवरच्या १९९६ च्या दुर्घटनेवर 'इंटू थिन एअर' लिहिणारे हेच. या पुस्तकाचा विषय आहे अमेरिकेतले बहुपत्नीत्व पाळणारे मूलतत्त्ववादी मॉर्मन आणि हिंसा. खाली जे आहे ते आमच्या दोघींच्या बोलण्यातून झालेलं आहे.

आधी थोडी ओळख. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ सुरू केला. १८४३ मध्ये त्यांनी अनेक बायका करण्याबद्दलची ईश्वरी आज्ञा म्हणून एक मजकूर लिहून घेतला. पुढच्याच वर्षी इलिनॉयच्या तुरुंगात जमावानं त्यांना ठार मारलं. अनुयायी पश्चिमेला यूटात गेले. सरकारनं बहुपत्नीत्वाविरुद्ध एकामागून एक कायदे केले आणि १८९० मध्ये चर्चनं ही प्रथा सोडत असल्याचं जाहीर केलं. आज मुख्य चर्चमध्ये कुणी दुसरी बायको केली तर त्याला काढून टाकतात. १८९० ची माघार ज्यांना पटली नाही, त्यांचे पुढं वेगवेगळे गट झाले. ते मूलतत्त्ववादी. म्हणजे 'मॉर्मन' ऐकलं की 'चार बायका' आठवत असतील तर तेवढं दुरुस्त करून पुढं वाचा.

आता पुस्तकातली घटना. २४ जुलै १९८४. यूटातल्या अमेरिकन फोर्क गावात रॉन आणि डॅन लॅफर्टी या सख्ख्या भावांनी आपल्या धाकट्या भावाची चोवीस वर्षांची बायको ब्रेंडा आणि तिची पंधरा महिन्यांची मुलगी यांचा खून केला. रॉनचं म्हणणं असं की देवानंच तसा संदेश दिला होता, आणि तो संदेश त्यानं लिहूनही ठेवला होता. क्रॅकॉअर तुरुंगात जाऊन डॅनशी सविस्तर बोलले. पुस्तकाचा कणा हे बोलणं आहे. त्याच्याभोवती त्यांनी दीडशे वर्षांचा इतिहास गुंफला: १८५७ मध्ये माउंटन मेडोज इथं सुमारे १२० प्रवाशांची झालेली कत्तल, मेक्सिकोतल्या लेबॅरन भावांचं रक्तरंजित भांडण, शॉर्ट क्रीकची बहुपत्नीक वस्ती. वाचताना वाटतं की श्रद्धेतून निघालेली एकच सरळ रेघ ब्रेंडाच्या दारापर्यंत येते. लेखणी इतकी ताकदीची आहे की रेघ कुणी ओढली हे विचारायचं राहूनच जातं.

मी ते विचारलं, कारण अशी रेघ आमच्या गावातून आधी एकदा ओढली गेली आहे.

हिंगोलीत निजामाच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची छावणी होती. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावं तेव्हाची. फिलिप मेडोज टेलर नावाचा अधिकारी निजामाच्या नोकरीत होता. त्यानं १८३९ मध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिली आणि ती विलायतेत गाजली. पकडलेला ठग साहेबासमोर बसून आपले खून सांगतो, भवानीचे शकुन सांगतो, अशी तिची रचना. तिच्या प्रस्तावनेत हिंगोली आहे. हरिसिंग नावाचा इथला प्रतिष्ठित व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाला. टेलरनं स्वतः त्याच्याशी व्यवहार केलेला. एक व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येतोय हे हरिसिंगला आधीच ठाऊक होतं. त्यानं कॅप्टन रेनॉल्ड्सकडून कापड आणण्याचा परवाना काढला, त्या व्यापाऱ्याला माणसांसकट मारलं आणि परवाना दाखवून तोच माल छावणीत उघड विकला.

आता यात बघा. भवानीचा कौल आणि कुदळीची पूजा हे जगभर गेलं. परवाना, कापडाचा भाव, माल खपवणारा बाजार हे प्रस्तावनेत राहिलं. ठगांबद्दलची बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांकडून आलेली आहे, म्हणजे ज्यांचा जीव साहेबाला हवं ते सांगण्यावर अवलंबून होता त्यांच्याकडून. किम वॅग्नर या इतिहासकारानं २००७ च्या आपल्या पुस्तकात हे जबाब पुन्हा तपासले, तेव्हा धर्मवेड्या गुप्त पंथापेक्षा जमीनदारांचा आश्रय, हंगामी लूट आणि पोट यांचं चित्र जास्त ठळक दिसलं. म्हणजे जबाब फेकून द्यायचा का? तसंही नाही. हरिसिंगची गोष्टसुद्धा त्याच्या कबुलीतूनच कळलेली आहे. पण ठगांनी पुरलेले मुडदे उकरले गेले आणि तशा काही खड्ड्यांपाशी आपण हजर होतो असं टेलर लिहितो. 'कुठं पुरलं' हे खोदून तपासता येतं, 'का मारलं' हे खोदून निघत नाही.

क्रॅकॉअर यांचा घोटाळा नेमका इथं आहे. डॅन सांगतो 'देवानं सांगितलं', आणि पुस्तक ते कारण म्हणून मांडतं. पण दुसरं कारण त्याच पुस्तकात पडलेलं आहे. रॉनची बायको त्याच्या वागण्याला कंटाळून मुलांना घेऊन फ्लोरिडाला निघून गेली होती, त्याची आर्थिक घडी विस्कटली होती, आणि बायकोला हिंमत दिली ती ब्रेंडानं, हा राग त्याच्या मनात होता. संदेश आला तो यानंतर. शिवाय हे भाऊ बहुपत्नीक वस्तीत वाढलेच नव्हते. ते मुख्य चर्चच्या घरातले, तिथून काढलेले, आणि मग थोडा काळ एका छोट्या गटात गेलेले. त्या गटातल्या बाकीच्यांनी रॉनचा खुनाचा संदेश मान्य केला नाही. तीच श्रद्धा, तोच कागद समोर, आणि उत्तर 'नाही'. प्रयोगशाळेच्या भाषेत हा फुकट मिळालेला कंट्रोल ग्रुप होता. लेखकानं तो वापरला नाही.

दुसरी चूक नमुन्याची. ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. माझा विषय गोड्या पाण्यातल्या माशांमधले पट्टकृमी. पहिल्या वर्षी सिद्धेश्वर धरणावरच्या मासेमारांना सांगून ठेवलं होतं की मलूल, पोट फुगलेले मासे बाजूला काढा. कृमी भरपूर सापडले. सिनॉप्सिसमध्ये मी ऐटीत लिहिलं की कृमी असले की मासा मलूल होतो. गाइड मॅडमनी पान परत दिलं आणि एवढंच विचारलं, "टणक मासे कापले का गं?" कापले नव्हते. नंतर कापले, त्यांच्यातही कृमी होते. क्रॅकॉअर यांनी खून झालेली घरं उघडली आणि आत श्रद्धा सापडली. खून न झालेली हजारो घरं तशीच श्रद्धा बाळगून होती. जॅनेट बेनियन या मानवशास्त्रज्ञ मोंटानातल्या अशाच एका बहुपत्नीक गटात राहिल्या. त्यांच्या १९९८ च्या 'विमेन ऑफ प्रिन्सिपल' या पुस्तकात बाहेरून आपणहून येऊन सामील झालेल्या बायका आहेत, सवती-सवतींनी कामं आणि मुलं वाटून घेणं आहे. मला ती व्यवस्था पटत नाही. पण टणक मासे कापल्याशिवाय मत देऊ नये, एवढं मी शिकले आहे.

मग या वस्त्यांत हिंसा नाही का? आहे, भरपूर आहे. फक्त ती पुस्तक जिथं मुख्य प्रकाश टाकतं तिथं कमी आणि बाजूला जास्त आहे. शॉर्ट क्रीकचं उदाहरण घ्या. अ‍ॅरिझोना आणि यूटाच्या सीमेवरची ही वस्ती, आता कोलोराडो सिटी आणि हिलडेल अशा दोन गावांत. १९४२ मध्ये तिथं एक ट्रस्ट झाला. घर तुम्ही स्वतःच्या हातानं बांधायचं, जमीन ट्रस्टची, आणि ट्रस्ट पंथाच्या नेत्यांच्या हातात. लग्न कुणाचं कुणाशी हेही नेताच ठरवणार. आता साधं गणित करा. पन्नास मुलगे, पन्नास मुली जन्मल्या आणि मोठ्या वयाच्या माणसांनी पाच-पाच, दहा-दहा बायका केल्या, तर उरलेल्या मुलांचं काय? वॉरन जेफ्स यांच्या काळात शेकडो पोरं किरकोळ कारणं दाखवून वस्तीबाहेर काढली गेली. 'लॉस्ट बॉइज' म्हणतात त्यांना. २००४ च्या जानेवारीत एकाच दिवशी वीसेक पुरुषांना हाकललं आणि त्यांच्या बायका-मुलं दुसऱ्यांना नेमून दिली. २०११ मध्ये टेक्ससच्या न्यायालयानं दोन अल्पवयीन मुलींवरील लैंगिक अत्याचारांसाठी जेफ्सना जन्मठेप दिली. यातला मोठा भाग पुस्तकानंतर घडला, त्याचा दोष लेखकाला देता येत नाही. पण ट्रस्ट, जमीन, लग्न लावण्याचा अधिकार हे सगळं २००३ मध्येही समोर होतं. पुस्तकात ते येतंही, पण देखाव्यासारखं, यंत्रासारखं नाही.

लेबॅरन भावांचंही तेच. एर्विलनं १९७२ मध्ये भाऊ जोएलला मारवलं, १९७७ मध्ये दुसऱ्या गटाचे प्रमुख रुलॉन ऑलरेड यांना. प्रेषित कोण, हा वाद. गादी एक आणि दावेदार अनेक, निवाडा करायला बाहेरचं कुणी नाही. असं जिथं होतं तिथं काय घडतं हे पेशवाईचा इतिहास शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको.

यंत्राऐवजी श्रद्धेवर बोट ठेवलं की सरकार काय करतं, याचे दाखले आहेत. २६ जुलै १९५३ ला अ‍ॅरिझोनाच्या पोलिसांनी शॉर्ट क्रीकवर धाड घातली आणि २६३ मुलं ताब्यात घेतली. काहींना आईवडिलांकडे परतायला दोन वर्षं लागली. वस्ती मोडली नाही, उलट बाहेरच्या जगावरचा संशय पक्का झाला, आणि आतल्या मुलींना बाहेर तक्रार करायला जागा उरली नाही.

त्याआधी १८९० चा डेव्हिस विरुद्ध बीसन खटला. आयडाहोत मतदार व्हायचं तर शपथ घ्यावी लागे: मी बहुपत्नीक नाही, आणि बहुपत्नीत्व शिकवणाऱ्या संघटनेचा सदस्यही नाही. डेव्हिसवर अनेक बायका केल्याचा आरोपच नव्हता. मॉर्मन असून ती शपथ घेतली, हा गुन्हा. सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम ठेवली.

हा खटला १९५१ मध्ये मुंबईत आला. हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला बंदी घालणारा १९४६ चा मुंबई प्रांताचा कायदा योग्य की नाही, हा नरसू अप्पा माळी खटल्यातला प्रश्न. न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. छागलांनी श्रद्धा आणि धार्मिक आचार यांत फरक केला, श्रद्धेला संरक्षण आहे, आचाराला समाजहितापुढं वाकावं लागेल असं म्हटलं, आणि दाखला दिला डेव्हिस विरुद्ध बीसनचा. निकाल मला मान्य आहे. (आमचा भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे हा कायदा इथल्या बायकांच्या वाट्याला आलाच नाही. इथं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची वाट बघावी लागली.) पण दाखला उलटा पडतो. डेव्हिसला शिक्षा आचारासाठी नव्हे, सदस्यत्वासाठी झाली होती. संदर्भ देताना मूळ निकाल उघडून वाचा, असं मी ज्युनिअरला सांगितलं ते यासाठी.

आणि सदस्यत्व हाच गुन्हा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. ठगांविरुद्धच्या १८३६ च्या कायद्यात विशिष्ट खून सिद्ध करायची गरज नव्हती, टोळीत होता एवढं पुरे. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण मराठवाड्यात कुठं घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालाकडं जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून मला हे पुस्तक नुसतं 'रोचक' म्हणून सोडता येत नाही.

चांगलं काही? रॉनच्या फेरखटल्याचा भाग जरूर वाचा. देव बोलतो म्हणणारा माणूस वेडा ठरवायचा, तर रोज प्रार्थना करणाऱ्यांचं काय करायचं, यावर तज्ज्ञांची कोर्टातली ओढाताण क्रॅकॉअर यांनी फार प्रामाणिकपणे मांडली आहे. पुस्तकाच्या मुख्य दाव्याला सगळ्यात जास्त तडा तिथंच जातो, आणि तरी त्यांनी तो भाग ठेवला.

ज्युनिअरनं दोन आठवड्यांनी पुस्तक परत आणून दिलं. टीका लिहिली का विचारलं तर म्हणाली, एकच ओळ लिहिलीय. "ताई, ब्रेंडापण मॉर्मनच होती ना? चर्चला जाणारी, श्रद्धाळू. तिच्या श्रद्धेतून तर जावेला बाहेर पडायला मदत झाली." हा मुद्दा मला सुचला नव्हता.