गोंधळातील पाट व चौक : एक चिकित्सक विवेचन

मराठवाड्यातील गोंधळविधीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने आख्यान, संबळ व तुणतुणे यांकडे जाते. परभणीचे राजारामबापू कदम यांच्या गायनाने हा विधी लोककला म्हणून दूरवर परिचित झाला, हे निर्विवाद आहे. रा. चिं. ढेरे यांच्या 'लोकसंस्कृतीचे उपासक' या ग्रंथाच्या शीर्षकातही उपासकच केंद्रस्थानी आहे. देवतेच्या आसनाची नोंद मात्र बहुधा साहित्याच्या यादीपुरतीच घेतली जाते. ही उणीव दुय्यम नाही.

पाटावर अथवा चौरंगावर नवा खण अंथरला जातो. त्यावर धान्याचा चौक भरून कलश, नागवेलीची पाने व नारळ मांडतात. त्यानंतरच तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आदी देवतांना गोंधळास येण्याचे आवाहन होते. म्हणजेच आसन सिद्ध झाल्याशिवाय आवाहनाला अर्थ प्राप्त होत नाही.

या संदर्भात नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा परंपरेशी तुलना उद्बोधक ठरते. मेघगर्जनेची देवता शांगो हिच्या उपासनेत उलट्या उखळाच्या आकाराचे कोरीव लाकडी आसन असते. दीक्षार्थी त्यावर बसतो व देवतेचे वज्रपाषाणही त्यावर ठेवले जातात. रॉबर्ट फॅरिस थॉम्सन यांनी 'फ्लॅश ऑफ द स्पिरिट' (१९८३) या ग्रंथात योरुबा कलेचे विवेचन 'आशे' म्हणजे कार्यसिद्धीची शक्ती या संकल्पनेच्या आधारे केले आहे.

दोन्ही परंपरांत घरगुती वस्तूच देवतेचे आसन होते. तथापि भेदही महत्त्वाचा आहे. योरुबा आसनाचे कोरीवकाम विधीनंतरही टिकते व संग्रहालयात जाऊ शकते. गोंधळाचा चौक विधी संपताच मोडला जातो आणि पाट पुन्हा जेवणाच्या पंगतीत येतो. परिणामी जतन करण्याजोगी वस्तूच उरत नाही आणि केवळ वस्तू पाहणारी समीक्षा येथे अपुरी पडते.

गोंधळ रंगमंचावर आला की चौक नेपथ्य बनतो. त्यामुळे गीतांच्या संकलनाबरोबर पाट कोणी मांडला, चौक कोणी भरला व कोणी मोडला, याचीही नोंद होणे आवश्यक आहे. अन्यथा आवाहनाचे शब्द ग्रंथात सुरक्षित राहतील. परंतु ज्या आसनावर देवतेने यावे, ते अभ्यासातून नाहीसे होईल.